गळ्यावरची पांढरी रेघ

३ एप्रिल, गुरुवार
माउस भिंतीवर आपटला. फुटला. बारा बाय आठच्या फ्लेक्सची फाईल उघडायला बुढ्ढ्या कॉम्प्युटरनं अकरा मिनिटं घेतली आणि उघडता उघडता हँग झाला. समोरचं गिऱ्हाईक दोनदा घड्याळ बघून उठलं ते सरळ स्टँडसमोरच्या नव्या दुकानात. बसू म्हणाला, "अक्का, भिंतीनं काय केलतं तुझं?" त्याच्यावर कीबोर्ड उचलला. फेकला नाही, कारण दुकानात कीबोर्ड एकच आहे.
बाबांनी मुरुम गावात दुकान टाकलं तेव्हाचा हा कॉम्प्युटर. बारा वर्षं झाली. बाबा गेले, हा आहे. डिझाइन मी करते, छपाई माझा भाऊ बसू करतो, आणि दोघांच्या मधे हा बुढ्ढा. नवा आणायचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. विषय निघाला की भांडण, आणि भांडणात माझा हात उठतो. अडतीस वर्षांची झाले तरी उठतो.

५ एप्रिल, शनिवार
दोन दिवस वाचतेय. याचा प्रोसेसर खुला आहे, म्हणजे वेग हातानं वाढवता येतो. ओव्हरक्लॉक म्हणतात. बारा वर्षांनी कळलं! आजवर ह्या बुढ्ढ्याला आपण उगाच बसवून खायला घातलं.
आधी साफसफाई. कॅबिनेट उघडलं तर आत अर्धं शेत. प्रोसेसरवरची ताप ओढून घेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी. पंखा ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरच उपटून हातात आला, दाढ यावी तसा. एक पिन वाकली. सुईनं सरळ केली, तोवर श्वास घेतला नाही. नवी पेस्ट, तांदळाएवढी. चालू झाला. बसूनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले, मला मात्र एक शब्द नाही.

७ एप्रिल, सोमवार
नोंद. मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ. आज ३.८. व्होल्टेज १.३० तेच. ताप ५४ अंश. चार तास राबवला, चूक नाही.
नियम: एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. मग राबवून बघायचं. मगच पुढची. वेगासाठी जास्त करंट लागतो, करंटनं ताप वाढतो. याची सहनशक्ती बासष्टपर्यंत.

९ एप्रिल, बुधवार
४.० ला चालूच होईना. काळा पडदा, नुसता पंखा घरघरतोय. कॅबिनेटला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलं, त्याला ढिम्म काही नाही.
बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला. सगळं विसरून मूळ पदावर आला. माणसालाही असा सेल हवा होता. व्होल्टेज १.३५ दिलं, मग ४.० घेतला. ताप ६१.

१० एप्रिल, गुरुवार
किसनमामा आले. मेलेल्या कूलरची मोटर आणि पाती घेऊन. पत्रा कापायच्या कात्रीनं कॅबिनेटची एक बाजू कापली, पंखा फ्लेक्सच्याच दोरीनं बांधला. ताप एकदम ५३! मी नाचायची बाकी होते.
मामा पूर्वी पेंटर. ह्या पट्ट्यातल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षर काढायला मला त्यांनीच शिकवलं, सातवीच्या सुट्टीत. फ्लेक्स आले आणि ब्रश गेला. आता तेच आमचे फ्लेक्स चौकात चढून बांधतात. राग नाही, काही नाही. फक्त एक आहे, छापलेलं तोंड बघत नाहीत. मागच्या बाजूनं चढतात, मागूनच गाठी मारतात, मागूनच उतरतात. आज विचारलं तर म्हणाले, "पुढं कोण हसायलंय ते बघून म्या काय करू? गाठ माग्नंच बसती, पोरी."

१४ एप्रिल, सोमवार
४.२ / १.४० / ताप ५८, मामांचा पंखा चालू. बारा बाय आठ आता चार मिनिटांत. बसू खूश. म्हणतो, "बास कर आता, अक्का. अति तिथं माती." उंटावरून शहाणपण सांगतो. बास कुठं करायचं ते मी ठरवीन.

१६ एप्रिल, बुधवार
तात्यांचा वाढदिवस परवा. चौकातला मोठा फ्लेक्स, तीस बाय वीस, आपल्याला मिळाला! तात्या म्हणजे गावातला अर्धा भाग. उरलेला अर्धा चेअरमनचा. मधे कोणी राहत नाही, राहिला तर दोन्हीकडून मार खातो. तात्यांचा पुतण्या धनू फोटो घेऊन आला. टेबलावर पाय ठेवून म्हणाला, "तोंड आसं पाहिजे की चेअरमनला घरातनं दिसलं पाहिजे." मी पाय खाली घे म्हणाले. घेतला, पण बघून ठेवलं मला.

१७ एप्रिल, गुरुवार
बाहेर ४३ अंश. लाइट सकाळपासून खालीवर. तीस बाय वीसची फाईल, बुढ्ढा अडखळतोय. दुपारी चारला फ्लेक्स द्यायचा आहे. प्रोसेसरचा वेग तेवढाच ठेवून रॅमचा वेग वाढवला. १६०० वरून १८६६. रॅमचं व्होल्टेज १.५ चं वाढवून केलं

धनूचा फोन मधेच आला. झालं. छापला. बसूनं उलगडून न बघता ओला ओलाच गुंडाळून मामांच्या गाडीवर टाकला. मामा सकाळी बांधणार. रॅमची तपासणी राहिली, तिला आठ तास लागतात. आठ तास कुणाकडं होते.

१८ एप्रिल, शुक्रवार
 लिहायचंच आहे.
नऊला चौकात गेले, आपल्या कामाचा फोटो काढावा म्हणून. ढोल, फटाके, तात्या गाडीतून उतरले, सगळ्यांनी वर बघितलं. आणि ढोल थांबला.
तात्यांच्या गळ्यावर पांढरी रेघ. दोन बोटं रुंद, या कानाखालून त्या कानाखाली. वरचं डोकं हातभर डावीकडं सरकलेलं. खालून बघताना अगदी ब्लेडनं कापल्यासारखं. वाढदिवसाला.
कुणीतरी ओरडलं, "गळा कापला रं तात्याचा!" मग कळायच्या आत सगळं. चेअरमनची दोन पोरं टपरीवर चहा पीत होती, त्यांना खुर्च्यांनी मारलं. एकाचं डोकं फुटून चहाच्या पातेल्यात रक्त. दगड आले. फ्लेक्स खाली ओढला, फाडला, पेटवला. आणि धनूनं मामांना धरलं, ते अजून शिडी घडी करत होते. खिशात कटर सापडला. दोरी कापायचा कटर, दुसरा कशाला असेल! "चेअरमननं किती दिलं, बोल!" मामा म्हणत होते, "म्या माग्नं बांधलाय. म्या पुढं बघितलंच न्हाय." दोघांनी त्यांचा उजवा हात रस्त्यावर ताणून धरला. धनूनं फ्लेक्सच्या चौकटीचा लोखंडी अँगल उचलला. चार वेळा. मी मोजले. आवाज ओल्या लाकडाचा.
मी दहा पावलांवर होते. माझा हात, जो भिंतीवर उठतो, भावावर उठतो, तो आज उठला नाही.

१९ एप्रिल, शनिवार
उमरग्याला दवाखान्यात. मनगटाचा चुरा, तीन बोटं मोडली. सळई घालणार. सखूमामी पायाशी बसलेल्या. मामांनीच विचारलं, "नंदे, पुढं काय झालतं गं? काय दिसत हुतं?"
मी सफरचंद कापत राहिले.

२० एप्रिल, रविवार
सकाळी डिझाइनची फाईल उघडली. स्वच्छ. मग छपाईसाठी तयार केलेली फाईल उघडली. तिथं रेघ. तीच. सरकलेलं डोकंही तेच. ब्लेड नाही, चेअरमन नाही, मामा नाही. माझी रॅम. प्रोसेसर चुकला तर निदान बंद पडतो. रॅम चुकते आणि गप्प बसते.
घाबरून आधी सेल उपटला. सगळं मूळ वेगावर. का काढला कोण जाणे, खुन्यानं सुरा धुवावा तसं झालं.
जेवून आले तर फाईल नाही. बसूनं पुसली, वर दुसऱ्या दोन कामांच्या फाईली टाकल्या, परत निघू नये म्हणून. शांतपणे सांगतो, "आता काय झालंच न्हाय." लोखंडी पट्टी होती हातात. तीच घातली. खांद्यावर, पाठीवर, परत पाठीवर. त्यानंही दिला एक, तोंडावर. ओठ फाटला माझा. मग दोघं फ्लेक्सच्या रोलवर बसून रडलो. तो म्हणाला, "अक्का, कळलं तर दुकान जाळतेल. तुला जाळतेल." खरं आहे. म्हणून काय.

२२ एप्रिल, मंगळवार
धनू आला. नवा फ्लेक्स पाहिजे, "ह्या टायमाला म्या सोता हुबा राहून बांधून घेतो." जाताना टेबलावरचा कटर उचलला, उघडला, माझ्या कीबोर्डच्या दोन बटणांच्या मधे खुपसला. म्हणाला, "म्हातारा चेअरमनचं नाव घेईना अजून. लई चिवट हाय. सोमवारी सोडतेत त्याला. दुसरा हात शाबूत हाय की."
गेल्यावर बसूनं कटर उपटला आणि खणात ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथं बसून अक्षरांना सावल्या देतोय.

२३ एप्रिल, बुधवार
एक गोष्ट इथंही लिहिली नव्हती. स्वतःपुरत्या वहीतही लपवली, म्हणजे माझी कमाल आहे.
त्या दिवशी छापायला सोडण्याआधी तयार फाईलीचं छोटं चित्र उघडलं होतं. गळ्यापाशी पांढरं दिसलं. मला वाटलं धूळ, नाहीतर शर्टाची कॉलर. ओढणीनं स्क्रीन पुसली. एकदा. धूळ गेली की नाही ते बघितलंच नाही, कारण फोन वाजला, आणि बटण दाबलं.
मी बघितलं होतं. मामांनी बघितलं नव्हतं. हात कुणाचा मोडायला हवा होता?

२४ एप्रिल, गुरुवार
गेले. बसूनं दार अडवलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" त्याला ढकलून गेले.
तात्या त्यांच्या घराच्या ओसरीवर बसले होते. सगळं सांगितलं, वेग, रॅम, ओढणीसकट. ते ऐकत होते. मग हसले.
"कॉम्प्युटर गळा कापतो व्हय, बाई?"
"चूक करतो, तात्या. जास्त पळवला की करतो. तुमचा गळा माझ्या चुकीनं कापला गेला. मामांचा संबंध नाही."
धनू मधे, "किसन्याला वाचवायला आलीय. तिचा गुरू हाय त्यो."
तात्यांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, "दाखीव करून. रविवारी दहाला येतो. समद्यांसमोर. त्या मशिनीनं आपणहून रेघ मारली, तर किसनाला कोण बोट लावणार न्हाय. मग माझा हिशेब तुझ्यासंगं. न्हाय मारली, तर तू खोटी अन् त्यो बी."
मी कबूल म्हणाले. 

२५ एप्रिल, शुक्रवार
नशीब, आकडे ह्या वहीत होते. ४.२. १.४०. रॅम १८६६. आणि रॅमचं व्होल्टेज? मागचं पान काढलं. "१.५ चं वाढवून केलं" आणि पुढं काही नाही. धनूचा फोन. किती केलं होतं मी? १.५५? १.६? १.६५? मुठी आपटून आपटून आठवलं नाही.
तिन्ही करून बघितले. दिवसभरात एकोणीस फाईली. एकोणीसच्या एकोणीस स्वच्छ. बारा वर्षांत हा कधी इतका शहाणा वागला नव्हता. कॅबिनेटला शिव्या दिल्या, आईबहिणीवरून, बसूनं कानावर हात ठेवले.
बसू म्हणतो आपणच रेघ काढू. येड्या, नव्या दुकानाचा मालक शेजारी बसणार आहे, तात्यांनी सांगून ठेवलंय. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

२६ एप्रिल, शनिवार
रात्री अवकाळी पडून गेला. हवा गार. म्हणूनच चुकत नाहीये! त्या दिवशी ४३ होतं आणि लाइट खालीवर.
खिडक्या लावल्या. कूलर बंद. स्टॅबिलायझर काढला. कॅबिनेटवर घोंगडी टाकली. ताप ५९. फाईली स्वच्छ. मग उरला तो पंखा. मामांनी बांधलेला. गाठ सुटेना, त्यांची गाठ कधी सुटत नाही. कटरनं कापली. त्या वेळी मात्र मोठ्यानं रडले, बसू बाहेर असल्यानं बरं झालं.
ताप ६६. ६९. दोनदा बंद पडला. बोर्डावरच्या दोन कॅपॅसिटरच्या डब्या वर फुगल्यात. जळका वास. अठ्ठावीस फाईली, एकही रेघ नाही.
दुपारी दवाखान्यात फोन केला. मामींनी मामांच्या कानाला धरला. मी सांगितलं. सगळं.  मग म्हणाले, "म्हंजी तू बघितलतंस?" मी हो म्हणाले. "बरं झालं सांगितलंस." आणि वर, "आता माझ्यापायी मशीन जाळू नगंस." शिवी दिली असती तर सोपं होतं.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी नऊ. १.६५ ठेवलंय. वेग ४.४. एवढ्यावर कधी नेला नव्हता. ताप ७१ आणि चढतोय. घोंगडीला हात लावला की चटका बसतो. जन्मभर देवाला म्हणत आले, मशीन नीट चालू दे. आज आंघोळ करून दिवा लावला आणि म्हणाले, चुकू दे. देवानं तोंड फिरवलं असेल.
बसूनं न सांगता छपाईच्या मशीनवर कोरा फ्लेक्स चढवला. ओठावरची माझी जखम बघून म्हणाला, "दुखतंय का?" त्याच्या पाठीवर अजून पट्टीचे वळ आहेत. मी नाही म्हणाले.
तात्यांचा फोटो परत टाकायचा होता. बसू म्हणाला, "त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचाच गळा? तिथंच चिरतेल आपल्याला." मग माझाच फोटो टाकला. दुकानाच्या उद्घाटनाचा, बाबांच्या शेजारचा. बाबांना कापून बाजूला केलं. तीस बाय वीस, तोच आकार. कापायचा तर माझा कापू दे.
साडेनऊ. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्याला बंद. परत चालू. चौथी स्वच्छ.
पावणेदहा. चौकाकडून गाड्या येताहेत. चार तरी असाव्यात. धनूचा हॉर्न ओळखू येतो. बसूनं शटर अर्धं खाली घेतलं. मी परत वर करायला लावलं.
रेघ आली तर ते मला मोडतील. नाही आली तर उद्या मामांना. मधे राहायला जागा नाही, हे गाव तसंच आहे. पण आज मी कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत आहे, आणि भीती वाटते ती वाटतेच.
पाचवी तयार झाली. छोटं चित्र उघडतंय. वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं. केस. कपाळ. डोळे. उद्घाटनाच्या दिवशी मी बरी दिसत होते.
दारात चपला वाजताहेत.
गळ्यापाशी काहीतरी पांढरं आहे. ओढणी हातात घेतलीय. पुसून बघते.